तेरचे मूल आणि रिकामी कबर

१० ते १२ जानेवारी २०२० या तीन दिवसांत उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. ते साहजिकच होते. गोरोबांचे तेर याच जिल्ह्यातले. अध्यक्षपदी होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाच्या इतिहासात ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला. त्यांच्या निवडीला धर्माचे कारण पुढे करून काहींनी विरोध केला होता. पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले फादर चाकाच्या खुर्चीतून मंडपात आले आणि त्यांनी भाषण केले. वाद, पोलिस बंदोबस्त, भाषणातले मुद्दे यांवर तेव्हा भरपूर लिहून आले.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. ज्या संताच्या नावाच्या नगरीत हे सारे घडत होते, त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा मेलेले मूल परत मिळाल्याची आहे. आणि जो पाहुणा अध्यक्ष म्हणून आला होता, त्याच्या धर्माचा सगळा भार एका मेलेल्या माणसाच्या उठण्यावर तोललेला आहे. तो माणूस उठला नसेल तर आमचा विश्वास फोल, असे पौलानेच पहिल्या शतकात स्वच्छ लिहून ठेवले. दोन परंपरा एका मांडवाखाली आल्या होत्या आणि दोघींच्या मुळाशी एकच दुखणे होते: गेलेले माणूस परत का येत नाही?

पुनरुत्थानाचे ख्रिस्ती वचन नेमके काय सांगते, ते ऐकून दुःखी माणसाला आधार कसा वाटतो, आणि तो आधार कुठे अपुरा पडतो, हे या लेखात पाहायचे आहे. पाहणी धाराशिवच्या मातीवर उभे राहून करायची आहे. या जिल्ह्यात ख्रिस्ती लोक अगदी थोडे आहेत हे खरे. पण मरण इथे थोडे नाही.

शब्दाची गफलत

मराठी वाचकाची पहिली अडचण शब्दापाशीच होते. 'पुनरुत्थान' हा शब्द ऐकला की आपल्या मनात तीन ओळखीच्या कल्पना जाग्या होतात. एक पुनर्जन्माची: जीव जुना देह टाकून नवा घेतो. दुसरी आत्म्याच्या अमरत्वाची: देह मेला तरी आत्म्याला काही होत नाही. तिसरी संजीवन समाधीची: सत्पुरुष मरत नाही, तो समाधीत बसलेलाच असतो. ख्रिस्ती पुनरुत्थान या तिघींपैकी एकही नाही.

मूळ ग्रीक शब्द आहे 'अनास्तासिस'. त्याचा साधा अर्थ उठून उभे राहणे. म्हणजे आधी पडणे आले, आणि ते पडणे खरे असले पाहिजे. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला निजण्याची जागा म्हटले. ख्रिस्ती मराठीतही मृत्यूला निद्रा म्हणण्याची रीत आहे. ही उपमा धाराशिवकरांना परकी वाटू नये. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा निद्रेसाठी पलंगावर जाते. दसऱ्याला सीमोल्लंघन झाले की देवी श्रमनिद्रा घेते आणि कोजागिरीला पुन्हा सिंहासनावर बसते. दिवाळीनंतर येणारी प्रबोधिनी एकादशी ही तर विठ्ठलाच्या उठण्याचीच एकादशी. झोपणे आणि उठणे ही जोडी आपल्या पंचांगात मुरलेली आहे.

तरी फरक आहे, आणि तो मोठा आहे. देवीची निद्रा ही विश्रांती आहे. तिथे कुणी मरत नाही. येशू मात्र शुक्रवारी क्रुसावर खरोखर मेला असे ख्रिस्ती श्रद्धा ठामपणे सांगते. स्विस-फ्रेंच पंडित ऑस्कर कुलमान यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात एक व्याख्यान दिले होते. त्यात त्यांनी सॉक्रेटिस आणि येशू यांचे मृत्यू शेजारी शेजारी ठेवले. सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला घेतो, कारण त्याच्या लेखी देह हा तुरुंग आहे आणि मृत्यू म्हणजे सुटका. येशू मात्र आदल्या रात्री बागेत थरथरतो, हा पेला टळावा म्हणून विनवतो, क्रुसावर आक्रोश करतो. कुलमान यांचे म्हणणे असे की, ज्याला मृत्यू मित्र वाटतो त्याला पुनरुत्थानाची गरजच नाही. मृत्यू हा शत्रू आहे असे ज्याला वाटते, त्यालाच त्याच्यावरच्या विजयाची बातमी लागते.

सांत्वनाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. 'आत्मा अमर आहे, मग रडता कशाला?' असे ऐकलेल्या माणसाला रडण्याचीही चोरी होते. पुनरुत्थानाच्या श्रद्धेत रडायला जागा आहे. मित्र लाझर मेला तेव्हा येशू रडला, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आणि आपण त्याला थोड्याच वेळात उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला.

दोन तक्रारी

आता तेरच्या कथेकडे येऊ. महिपतीने १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ती आहे आणि कीर्तनांतून घरोघर पोचलेली आहे. गोरोबा चिखल तुडवीत आहेत. बायको पाणी आणायला जाते आणि जाताना मुलाकडे लक्ष ठेवायला सांगते. गोरोबा विठ्ठलाच्या नामात इतके रंगतात की रांगत आलेले मूल पायाखाली आले तरी त्यांना कळत नाही. चिखल लाल होतो. परतलेली आई ते पाहते आणि आकांत करते. नवऱ्याला आणि नवऱ्याच्या देवाला, दोघांनाही ती बोल लावते. पुढे शपथ, सवतीचे लग्न, गोरोबांनी स्वतःचे हात तोडून घेणे असे कथानक वळणे घेत जाते. अखेर पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात सगळे हात वर करतात, थोटे गोरोबाही करतात, तेव्हा त्यांना हात फुटतात आणि मूल रांगत रांगत आईकडे येते.

ही कथा आपण भक्तीच्या थोरवीची म्हणून ऐकतो. एकदा ती आईच्या बाजूने ऐकावी. संतीची तक्रार अगदी सरळ आहे: ज्या देवात तुम्ही रंगला होता, त्याच्यापायी माझे मूल गेले. देव जवळ असताना हे घडले कसे?

लाझरच्या गोष्टीत हीच तक्रार आहे. बेथानीत लाझर आजारी पडतो, बहिणी येशूकडे निरोप धाडतात, आणि तो मुद्दाम दोन दिवस उशीर करतो. पोचतो तेव्हा लाझरला कबरीत चार दिवस झालेले असतात. मार्था पुढे येऊन म्हणते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरियाही तेच म्हणते. दोन्ही बहिणींच्या तोंडी एकच तक्रार यावी हे काही उगाच नाही. संतीचा आणि मार्थेचा सूर एकच आहे. दोन्ही कथांत देवाला जाब विचारणारी बाई आहे आणि दोन्ही परंपरांनी तिचे बोलणे गाळून टाकले नाही. सांत्वनाची सुरुवात इथून होते: तक्रार मोडीत न काढण्यापासून.

पुढचे साम्यही उघड आहे. मूल परत येते, भाऊ परत येतो. पण एवढ्यावर थांबलो तर ख्रिस्ती पुनरुत्थान आपल्याला कळलेच नाही असे होईल. कारण लाझरचे परतणे हे ख्रिस्ती अर्थाने पुनरुत्थान नव्हेच. तो जुन्याच देहात, जुन्याच घरात परतला, आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेला असणार. तेरचे मूलही मोठे झाले असेल, म्हातारे झाले असेल, गेले असेल. हे परतणे म्हणजे मुदतवाढ आहे. येशूच्या बाबतीत ख्रिस्ती लोक ज्याचा दावा करतात ते वेगळे आहे: तो मागे परतला नाही, मृत्यूतून आरपार पुढे गेला. आणि जे त्याचे झाले ते सगळ्यांचे व्हायचे आहे. पौलाने त्याला सुगीचे पहिले कणीस म्हटले आहे. पहिले कणीस हाती आले म्हणजे शेत पिकू लागले.

जिथे मूल परत आले नाही

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली ५२ गावे जमीनदोस्त झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले, पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही उस्मानाबादकडची गावेही त्याच रात्री मोडली.

माणसे भूकंपाने मेली तशी घरांनीही मेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद निजलेल्या माणसांवर आले. तेरच्या कथेत मूल मातीत गेले होते. इथे गावेच्या गावे मातीत गेली. आणि इथे कुणी कीर्तनातून रांगत परत आले नाही.

एक अपवाद घडला. लातूर जिल्ह्यातल्या मंगरूळ गावात दीड वर्षाची एक मुलगी पाच दिवसांनंतर ढिगाऱ्याखालून जिवंत निघाली. जवानांनी तिला बाहेर काढले. साऱ्या राज्याने त्या बातमीवर जीव टाकला आणि ते योग्यच होते. पण त्या एका बातमीने इतर आयांचे काय झाले असेल याचाही विचार केला पाहिजे. चमत्कार एकाच्या दारी येतो तेव्हा शेजारच्या दारातला प्रश्न अधिक टोकदार होतो: मग माझेच का नाही? तेरच्या आणि लाझरच्या कथांचा सांत्वनाला जो उपयोग, त्याची हद्द इथे संपते. त्या एका घराला दिलासा देतात. शेजाऱ्याला द्यायला त्यांच्याकडे काही नसते.

अशा वेळी लोक स्पष्टीकरणे घेऊन येतात. पूर्वसंचित, देवाचा कोप, भोग. ख्रिस्ती समाजातही यांचे भाऊबंद आहेत: देवाची इच्छा होती, देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात. ही वाक्ये बोलणाऱ्याची सोय करतात. ऐकणाऱ्याला मात्र त्यांनी आणखी एक ओझे मिळते. आता त्याला दुःखाबरोबर देवाचेही समर्थन करावे लागते. पुनरुत्थानाचे वचन नीट समजून घेतले तर ते स्पष्टीकरण नाही. माणूस का गेला याचे उत्तर त्यात नाही. जे झाले ते बरे झाले असेही ते म्हणत नाही. ते एवढेच म्हणते की झाले ते शेवटचे नाही.

जर्मन धर्मचिंतक युर्गेन मोल्टमान यांचे आयुष्य याची साक्ष देते. जुलै १९४३ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी हॅम्बुर्ग शहर जाळले तेव्हा ते शाळकरी वयाचे होते आणि विमानविरोधी तोफेपाशी त्यांची नेमणूक होती. शेजारी उभा असलेला मित्र बाँबने उडाला, ते वाचले. घरात धर्माचे फारसे वातावरण नव्हते. मीच का वाचलो, हा प्रश्न घेऊन ते युद्धकैद्यांच्या छावणीत गेले आणि तिथे त्यांनी बायबल वाचले. त्यांना पहिला आधार मिळाला तो विजयी ख्रिस्ताचा नव्हे, 'मला का टाकलेस' असे देवाला विचारणाऱ्या क्रुसावरच्या ख्रिस्ताचा. पुढे १९६४ मध्ये त्यांनी आशेचे धर्मशास्त्र मांडणारा ग्रंथ लिहिला आणि पुनरुत्थान ही साऱ्या ख्रिस्ती विचाराची पहिली पायरी मानली. ढिगाऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाने ही मांडणी केली, हे विसरता कामा नये.

व्रण आणि बी

उठलेल्या येशूच्या गोष्टी वाचताना एक तपशील थबकवतो. त्याच्या हातापायांचे व्रण गेलेले नाहीत. थोमा नावाचा शिष्य विश्वास ठेवायला तयार नाही. त्याला येशू ते व्रण दाखवतो. नवे जीवन आले, पण जे भोगले ते पुसले गेले नाही. गोरोबांच्या कथेत हात पुन्हा फुटतात, जणू काही झालेच नव्हते. इथे देह नवा आहे, पण खुणा जुन्या आहेत. ज्या आईचे मूल गेले तिला 'विसरून जा' असे हे वचन सांगत नाही. तुझ्या दुःखाची खूण त्या नव्या जगातही ओळखली जाईल, असे ते सांगते. मला वाटते, पुनरुत्थानाच्या सांत्वनातला हा सर्वांत खोल धागा आहे.

दुसरा धागा देहाचा. ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धांगीकारात आत्म्याच्या अमरत्वापेक्षा देहाच्या पुनरुत्थानाला ठळक जागा आहे. उठलेला येशू भाजलेला मासा खातो, भाकर मोडतो, सरोवराकाठी चुलाणे पेटवून शिष्यांना न्याहारी देतो. मरिया मग्दालीया त्याला आधी माळी समजते आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळखते. आपल्याला गेलेल्या माणसाची आठवण येते तीही अशीच येते. आत्म्यासारखी अमूर्त गोष्ट आपल्याला आठवत नाही. हाक मारण्याची लकब आठवते, हाताचा खडबडीतपणा आठवतो. माणसाचे हे सगळे देवाला प्रिय आहे आणि ते वाया जाणार नाही, असा देहाच्या पुनरुत्थानाचा अर्थ आहे.

पण राख झालेला, मातीला मिळालेला देह उठणार कसा? हा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. करिंथ या बंदराच्या शहरातल्या लोकांना त्याने इ.स. ५४-५५च्या सुमारास पत्र लिहिले. साधारण त्याच काळात आपल्या तेरचा, तेव्हाच्या तगरचा, माल भडोचच्या बंदरातून पश्चिमेला रवाना होत होता. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याची नोंद आहे. व्यापाऱ्यांच्या त्या जगाला पौलाने शेतकऱ्याचा दाखला दिला. तुम्ही पेरता ते बी असते, उगवते ते रोप. दोन्ही एकच, पण दोन्हींचे रूप एक नव्हे. आणि बी मातीत गेल्याखेरीज रोप येत नाही.

दिवाळीच्या सुमारास धाराशिवच्या शिवारात रब्बीची ज्वारी नुकतीच वर आलेली असते. तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही. पण तिला त्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. पाऊस आला नाही तर बी मातीतच राहते. पेरणी हा भरवसा असतो, हमी नसते. पौलाचा दाखला मला याचसाठी प्रामाणिक वाटतो. त्यात पुरावा दिल्याचा आव नाही.

राखेचा प्रश्न पुढे चर्चनेही सोडवला. देह उठायचा तर तो पुरलाच पाहिजे, अशी समजूत अनेक शतके होती. १९६३ मध्ये कॅथलिक चर्चने दहनाला मुभा दिली. देवाची शक्ती हाडांच्या मोजदादीवर अवलंबून नाही, असा त्यामागचा विचार. २०१६च्या एका निवेदनात मात्र राख उधळू नये, पवित्र ठिकाणी ठेवावी, असे सांगितले. कारण असे की, गेलेल्या माणसाला एक पत्ता असावा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांना एक जागा असावी.

मराठीने हे वचन कसे जपले

हे वचन मराठीत आले त्याला चार शतके झाली. इंग्लंडातून गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. त्यांना ऐकायला आपल्या भाषेतले, आपल्या छंदातले पुराण हवे होते. येशूचे मरण आणि उठणे मराठी कानांनी प्रथम ओवीत ऐकले.

मराठवाड्यातली वाट वेगळी. निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'बेथेल' नावाचे गाव वसवले. तिथे आलेले बहुतेक लोक मांग आणि महार समाजातले. त्यांना या वचनात काय सापडले असेल याचा विचार करताना जुनी गावव्यवस्था डोळ्यांपुढे आणावी लागते. मेलेले ढोर ओढणे, मरणाची बातमी परगावी पोचवणे, सरणासाठी लाकडे वाहणे ही कामे महारांच्या वाट्याची. गावातल्या मरणाशी सगळ्यांत जवळचा संबंध त्यांचा, आणि त्याच संबंधामुळे त्यांचा देह विटाळाचा ठरलेला. अशा माणसाला कुणी सांगितले की देव स्वतः मेला, त्याचे प्रेत लोकांनी हातांनी उतरवले, कापडात गुंडाळले, आणि तोच देह देवाने गौरवाने उठवला. तर त्यात त्याला केवळ परलोकाची बातमी ऐकू येत नसावी. तुझा देह विटाळाचा नाही, ही या लोकातली बातमीही त्यात होती. धर्मांतराने जात सुटली नाही, हे कडू सत्य आहे; चर्चमध्येही ती शिरली. पण त्या वचनात जातीला आधार नव्हता एवढे खरे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट दुःखाच्या हिशेबाने अंगावर येते. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये नवरा. राहिली एक मुलगी, मनोरमा. केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम कित्येक वर्षे चालवले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या आणि आजारी होत्या. त्यांनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि त्यानंतर दोन वर्षांनी ते बायबल छापून पुरे झाले.

लक्ष्मीबाई टिळकांचेही असेच. नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' या ओवीबद्ध महाकाव्याला हात घातला, पण सुरुवातीचे थोडे अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी ते गेले. ज्या बाईला लिहावाचायला लग्नानंतर, तेही मोडतमोडत, शिकवले गेले, तिने पुढचे ६४ अध्याय रचले. येशूच्या मरणाची आणि उठण्याची कथा टिळकांच्या वाट्याला आली नाही. ती त्यांच्या विधवेने लिहिली. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांना पुनरुत्थानाने काय दिले, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. बाहेरून दिसते ते एवढे: दुःखाने त्या थांबल्या नाहीत. आणि दोघींनी हाती घेतलेले काम हे दुसऱ्यांसाठी होते.

तीन हरकती

पहिली हरकत जुनी आहे. परलोकाची आशा माणसाला इहलोकात थंड करते. हे घडलेले आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण पौलाचे पुनरुत्थानावरचे लांबलचक विवेचन ज्या सूचनेने संपते ती अशी की, कामाला लागा, तुमचे श्रम फुकट जाणार नाहीत. हा देह आणि ही माती देवाला टाकाऊ वाटत नसेल, तर तिच्यासाठी भांडणे हे श्रद्धेचेच काम ठरते. दिब्रिटो यांनी वसईच्या हिरवाईसाठी आणि गुंडगिरीविरुद्ध चळवळ उभी केली. त्याच हाताने 'सुबोध बायबल' लिहिले, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या लेखी ही दोन कामे नव्हती.

दुसरी हरकत आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक बोचरी. सास्तूरला गेले ते बहुतेक हिंदू आणि मुसलमान होते. हे वचन त्यांना लागू आहे की नाही? ज्या सांत्वनाच्या दारावर धर्माची पाटी आहे ते घेऊन भूकंपाच्या गावात कसे जायचे? जुन्या काळी अनेक धर्मोपदेशकांचे उत्तर कठोर होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये वेगळी भूमिका घेतली: ख्रिस्त सर्वांसाठी मेला, म्हणून त्याच्या मरण-पुनरुत्थानात सहभागी होण्याची संधी देवाला ठाऊक असलेल्या मार्गाने प्रत्येकाला मिळते. ही भाषा ख्रिस्ती चौकटीतलीच आहे आणि ती सगळ्यांना रुचेल असे नाही. पण दार बंद करणाऱ्या भाषेपेक्षा ती खूप पुढची आहे.

याच्या पोटातच आत्महत्येचा प्रश्न येतो. मराठवाड्यात कर्जापायी आणि नापिकीपायी जीव देणाऱ्या शेतकऱ्यांची घरे गावोगाव आहेत. एके काळी चर्च अशा माणसाला विधिपूर्वक मूठमाती द्यायलाही नकार देई. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने सांगितले की भीती, यातना, मनाचा तोल जाणे यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशा व्यक्तीच्या तारणाविषयी निराश होऊ नये. मागे राहिलेल्या बाईला आधीच गाव प्रश्न विचारत असते. देवाच्या दारी तरी तिच्या नवऱ्याची झडती होणार नाही, एवढे तिला ऐकायला मिळणे ही छोटी गोष्ट नाही.

तिसरी हरकत सर्वांत साधी: हे खरे कशावरून? इथे लेखकाने हात वर करावेत हे बरे. कबर रिकामी होती, ही साक्ष प्रथम बायकांनी दिली आणि पुरुष शिष्यांना ती बडबड वाटली, असे शुभवर्तमानच सांगते. मार्कच्या सर्वांत जुन्या प्रतींचा शेवट तर विलक्षण आहे. लेण्यासारख्या कोरलेल्या त्या कबरीतून बायका बाहेर येतात, थरथरत पळतात आणि भीतीने कुणाला काहीच सांगत नाहीत. तिथे पुस्तक संपते. ज्यांना लोकांना पटवायचे असते ते असा शेवट करत नाहीत. पण हा पुरावा नव्हे. साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे.

दोन पंचांगे

ईस्टरचा रविवार वसंतातल्या पौर्णिमेनंतर येतो. ती पौर्णिमा पुष्कळदा चैत्राची असते. गोरोबाकाकांची पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला, म्हणजे चैत्री पौर्णिमेनंतर पंधरवड्याच्या आत. २०२५ मध्ये २० एप्रिलला ईस्टर झाला आणि लगेचच्या आठवड्यात तेरला गोरोबांची पुण्यतिथी आली.

दिवाळीतही अशी गाठ पडते. कॅथलिक लोक २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करतात. कबरी झाडून पुसून त्यांवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. २०२४ मध्ये त्याच तारखेला बलिप्रतिपदा होती. फादर दिब्रिटो त्याच वर्षी २५ जुलैला गेले. त्यांच्या माणसांसाठी स्मरणाचा तो पहिलाच २ नोव्हेंबर. आदल्या आठवड्यात धनत्रयोदशीला आपल्याकडच्या घरांनी यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा लावला होता. यमदीपात मागणे असते ते अकाली मरण टळावे असे. कबरीवरच्या मेणबत्तीत मागणे असते ते आलेले मरण शेवटचे नसावे असे. ही दोन मागणी वेगळी आहेत, आणि एकाच घरात दोन्हींची गरज पडते.

तेरच्या त्या आईला तिचे मूल मिळाले, असे कथा सांगते. सास्तूरच्या आईला मिळाले नाही. पुनरुत्थानाचे वचन या दुसऱ्या आईसाठी आहे. ते तिला आज काही परत देत नाही. तिची तक्रार ऐकून घेते, तिच्या मुलाचा देह कवडीमोलाचा नव्हता म्हणते, आणि वाट पाहताना तिला एकटी सोडत नाही. हे तिला पुरेल की नाही, ते तीच सांगू शकते. सांत्वन करायला जाणाऱ्याने तिचे म्हणणे आधी ऐकावे.